कशावरूनबाईंचा हुशार विद्यार्थी

त्यांचं खरं नाव ग्रंथालयाच्या हजेरीपटावर होतं, तोंडात मात्र कोणाच्याच नव्हतं. सगळे त्यांना कशावरूनबाई म्हणायचे. कोणी काउंटरशी येऊन सांगितलं, "बाई, उद्यापासून नळाला पाणी नाही म्हणे," की बाई मान वर न करता विचारणार, "कशावरून?" समोरचा चाचरायचा, मग हसायचा, आणि बहुतेक वेळा उत्तर न देताच वर्तमानपत्रांकडे वळायचा. मी शेजारच्या टेबलावर पुस्तकं द्यायचो-घ्यायचो, त्यामुळे हे रोज बघायचो.

बाईंनी शनिवारचा वर्ग सुरू केला तो एका मारहाणीनंतर. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, असा मेसेज मोबाईलवर आला आणि ग्रंथालयामागच्या गल्लीने एका भंगारवाल्याला धरून बडवलं. त्याचा एक कान कायमचा गेला. मारणाऱ्यांत आमचे दोन नेहमीचे वाचक होते. बाईंनी त्यांना दारातच विचारलं, "मेसेज कोणी पाठवला होता?" दोघांनाही सांगता येईना. त्याच आठवड्यात बाईंनी जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांची मागची खोली झाडून घेतली, तीन बाक टाकले आणि दारावर कागद चिकटवला, 'खरं-खोटं कसं तपासावं. शनिवारी दुपारी.'

शिकवणं अगदी साधं. हे कोणी लिहिलंय? केव्हा? त्याला कुठून कळलं? आपण विश्वास ठेवला तर फायदा कोणाचा? मग आणखी दोन-तीन ठिकाणी पडताळून बघायचं. फोटो जुना आहे की आजचा, हे मोबाईलवरच कसं शोधायचं, तेही त्या दाखवायच्या. सुरुवातीला चार डोकी जमली, पुढे बाक अपुरे पडले.

पहिल्या बाकावर बसायचा तो बाईंचा थोरला भाऊ. बाई त्याला दादा म्हणायच्या, म्हणून आम्हीही दादाच. पंखे-मिक्सर दुरुस्तीचं त्याचं दुकान होतं. मधुमेहाने नजर अधू झाली तसं त्याने ते बंद केलं. तो आणि वहिनी वरच्या मजल्यावर, बाई खालच्या. घरात बसून करायचं काय, म्हणून वर्गाला यायला लागला, मोबाईलवर अक्षरं मोठी करून वाचायला लागला आणि बघता बघता सगळ्यांच्या पुढे गेला. पुराचा म्हणून फिरणारा एक फोटो दुसऱ्याच देशातला आणि कितीतरी वर्षं जुना आहे, हे त्याने सगळ्यांआधी शोधून काढलं. बाई त्या दिवशी मला म्हणाल्या, "दादाचं डोकं बघितलंत? शिकला असता तर कुठच्या कुठे गेला असता." त्यांना इतकं खुशीत मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

पावसाळ्याच्या शेवटी दादाच्या पायाला चपलेने घासून जखम झाली. ती भरेना. डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं. त्याच सुमारास दादाला मोबाईलवर कसलेसे थेंब सापडले. रोज सकाळी जिभेखाली घ्यायचे, इन्सुलिनची गरज नाही. दादाने इंजेक्शन बंद केलं आणि कोणाला सांगितलं नाही. वहिनींना कळलं तेव्हा त्या धावत खाली आल्या. "वन्सं, तुम्हीच समजवा. माझं ऐकत नाहीत ते."

बाई वर गेल्या आणि सवयीने विचारलं, "कशावरून बरं होतं याने?"

दादा तयारच होता. "तूच शिकवलंस ना, दोन-तीन ठिकाणी बघ म्हणून? मी सात ठिकाणी बघितलं. सगळीकडे तेच लिहिलंय."

बाईंनी मोबाईल हातात घेतला. सातही ठिकाणी एकच मजकूर होता, शब्दाला शब्द. 'स्वादुपिंड' हा शब्द सगळीकडे एकाच पद्धतीने चुकवलेला. बाईंनी त्याला एकेक ओळ दाखवली. "दादा, ही सात माणसं नाहीत. एकाचंच सगळ्यांनी उचललंय."

"म्हणजे सात जणांना पटलं म्हणून उचललं ना!"

"अरे, विकणारा एकच आहे. खाली फोन नंबरसुद्धा तोच."

"आणि इन्सुलिन काय फुकट वाटतात? फायदा कोणाचा ते बघा, हेही तूच सांगतेस. मी बघितला फायदा. डॉक्टरचा."

हे बाईंनीच मला नंतर सांगितलं. "माझीच वाक्यं होती हो. माझ्याच तोंडावर मारली." त्या रोज वर जायच्या, भांडायच्या, एकदा हातापाया पडल्या. डॉक्टरांना घरी आणलं तर दादाने दार आतून लावून घेतलं.

जखम काळी पडली. ताप चढला, शुद्ध हरपली, तेव्हा कुठे त्याला दवाखान्यात नेता आलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. बाई डबा घेऊन आल्या तशा त्या उठल्या आणि वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आधी बरे होते हे. डॉक्टर सांगतील ते निमूट घ्यायचे. तुमच्या वर्गाला जायला लागले आणि प्रत्येकाला प्रश्न विचारायला शिकले." बाईंनी डबा खिडकीत ठेवला.

आत दादा शुद्धीवर होता. मला वाटलं, बहिणीला दोन शब्द बोलेल. तो छताकडे बघत म्हणाला, "थेंब उशिरा सुरू केले, तिथेच चुकलं."

बाईंनी वर्ग बंद केला नाही. पण आता पहिल्याच दिवशी त्या एकच मजकूर सात वेगवेगळ्या ठिकाणांहून छापून वाटतात आणि विचारतात, "ही किती माणसं बोलताहेत?" बहुतेक जण सात म्हणतात. मध्यंतरी पलीकडच्या गल्लीतली एक बाई तो वर्ग अख्खा बसून ऐकत होती. सगळे गेल्यावर ती हळूच बाईंपाशी आली. "तुमच्या भावाने घेतले होते ते थेंब कुठे मिळतात हो? माझ्या मिस्टरांनाही साखर निघालीय, त्यांना सुरुवातीलाच द्यावेत म्हणते." बाईंनी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि ते सात कागद पुन्हा तिच्यापुढे मांडले.

वहिनींचे हात थरथरतात, म्हणून दादाला इन्सुलिन बाईच देतात, कामावर यायच्या आधी. तो दंड पुढे करतो आणि तोंड भिंतीकडे फिरवतो. सुई निघाली की बाही खाली ओढतो आणि उशाशी ठेवलेला मोबाईल उचलतो.