घरी सगळे खुशाल

अण्णा गेला, हे बाजारात आधी कुणी खरंच मानलं नाही. पहाटे झोपेतच त्याचं हृदय बंद पडलं. वहिनीचा फोन आला तेव्हा मी विद्यानगरच्या घरी चहा गाळत होते, ते भांडं तसंच टाकून निघाले. माझा भाऊ दत्ता, आम्हा घरच्यांचा अण्णा, गोतावळ्याचा माणूस. हुबळीच्या बाजारात त्याला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. पण उन्हं वर आली तरी घरात आम्ही मोजकीच माणसं आणि दाराशी चपलाच नाहीत. शेवटी मी त्याच्या शेजारच्या दुकानातल्या भांडीवाल्या अप्पांना फोन लावला. ते अगदी शांतपणे म्हणाले, "सुळ्ळ सुद्दी हाय ती, सुमाक्का. खोटी बातमी. सकाळी सांगायला आलेल्यांनाबी मी परत पाठवलं. दुकानावर पाटी लागलीय की." ती पाटी अण्णानंच आदल्या संध्याकाळी लावली होती.

पाटीचं मूळ काही वर्षांपूर्वीच्या एका दिवसात आहे. आमचं दुकान खणांचं आणि इरकली लुगड्यांचं, आजोबा मिरजेकडून आले तेव्हापासूनचं. घरात कुणी गेलं तरच ते कामाच्या दिवशी बंद राहायचं, एरवी तापातसुद्धा उघडायचं. त्या दिवशी मात्र अण्णा उठलाच नाही. वहिनीला म्हणाला, आज जात नाही, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. इकडे बाजारानं शटर पाहिलं आणि गृहीत धरलं, आमचे म्हातारे वडील गेले. दुपारच्या आत पडलेल्या चेहऱ्यांनी माणसं यायला लागली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून भांडीवाल्यांकडून पिठलं-भाताचा डबासुद्धा आला. दार उघडलं ते वडिलांनीच! त्यांनी सगळ्यांना बसवून घेतलं, आणि पिठलं फार छान झालंय म्हणून दोनदा वाढून घेतलं. आम्ही हसून हसून बेजार झालो. अण्णाला मात्र उठून दाढी करावी लागली, बाहेर येऊन पित्त झालंय म्हणून सांगावं लागलं. त्याचा तो एक दिवस असा गेला.

संध्याकाळी त्यानं पत्र्याचा तुकडा आणि रंगाचा डबा घेतला. वर कन्नडमध्ये, खाली मराठीत, त्याच्या त्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'आज दुकान बंद. घरी सगळे खुशाल आहेत.' मी म्हटलं, खरं कारण का लिहीत नाहीस? ब्रश पुसता पुसता तो म्हणाला, "सुमे, ताप आलाय म्हटलं तर लोक औषध सांगतात. मन लागत नाही म्हटलं तर उद्या आपल्या राणीला स्थळ यायचं न्हाई." राणी त्याची मुलगी, तेव्हा कॉलेजात होती.

मग अधूनमधून ती पाटी लागायला लागली. बाजारानं थोडे दिवस चेष्टा केली, मग सवय झाली. अण्णा बसनं रायापूरला जायचा. तिथं एका मित्राची पेरूची बाग आहे, तिच्या कडेला नुसता बसायचा. एकदा हट्टानं मीही गेले. त्यानं पेरू कापला, मीठ लावून मोठी फोड माझ्या हातात दिली, आणि कितीतरी वेळ समोर बघत राहिला... निघताना एवढंच म्हणाला, "इथं कुणी कसा आहेस म्हणून विचारत न्हाई. बरं वाटतं." मला ते तेव्हा पटलं होतं. आता त्या वाक्याचा राग येतो. घरी बाकीचे खुशाल होते, एकटा तोच नव्हता, आणि ते तो स्वतःच्या हातानं लिहून दारावर लावत होता.

अण्णा गेला त्या दिवशी भांडीवाल्या अप्पांना खरं कळलं तेव्हा ते दुकानातून अनवाणीच आले. मागोमाग सगळा बाजार आला. अंगण भरलं, रडारड झाली. अप्पा माझ्याजवळ येऊन पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, "मी पाटी वाचलो की गं, अक्का. सकाळी पाटी वाचलो आणि म्हटलो, आज दत्ता पेरू खायला गेला."

आता दुकान वहिनी बघते. मागच्या आठवड्यात मी बाजारात गेले तर शटर खाली होतं आणि पाटी लागलेली. जवळ गेले. वहिनीनं दुसऱ्या वाक्यावरून काळा रंग फिरवला होता, नुसतं 'आज दुकान बंद' ठेवलं होतं. तशीच तिच्या घरी गेले. ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाहेर अप्पा बसलेले, पुढ्यात डबा. कोण गेलंय का म्हणून बघायला नव्हते आले. म्हणाले, "कशी हाय विचारायला आलोय. उठली की विचारतो."

मी त्यांच्याशेजारी बसून राहिले. पाटीवरचा तो काळ्या रंगाचा हात पातळच बसलाय... ऊन पडलं की खालून अण्णाचं अक्षर दिसतं.