डाव्या हाताची फाइल
ओल्या प्लास्टरचा चुन्यासारखा वास आला की मला विष्णुपुरीचं आमचं इंजिनिअरिंगचं होस्टेल आठवतं. देगलूरची माझी रूममेट स्कूटीवरून पडली, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला, आणि प्रोजेक्ट दाखवायला आठवडाही उरला नव्हता. "तू सांग, मी टाइप करते," मी म्हटलं. "आज करशील गं, उद्या तुला तुझं काम हाय," म्हणत तिनं कोड लिहायच्या एडिटरच्या सेटिंगची फाइल उघडली आणि डाव्या हाताच्या एका बोटानं काहीतरी लिहीत बसली. खिडकीतून धरणावरचा गार वारा येत होता, खाली मेसमध्ये भाकरी थापल्याचा आवाज. "काय करून राहिलीस?" मी विचारलं. "हाताला किती शिकवू? बटणांनाच शिकवून राहिले." जेवणं झाल्यावर तिनं दाखवलं: कीबोर्डवरचं टॅबचं बटण दाबून डावीकडचं बटण दाबलं, की आरशातल्यासारखं त्याच्या समोरचं उजवीकडचं अक्षर उमटत होतं. मी बघतच राहिले. तोच एडिटर मीही रोज वापरायचे, पण रंग बदलण्यापलीकडे कधी गेले नव्हते. तिनं सगळा प्रोजेक्ट एका हातानं पुरा केला. ती फाइल मी तेव्हा नुसतं नवल म्हणून मागून घेतली होती. आज माझ्या उजव्या हातावर तान्ही लेक झोपलीय, आणि हे सगळं मी डाव्या हातानं लिहितेय.