सदानंद घाडी अडखळतच बोलत असे

"सैन्यात गेल्यावर नायक सदानंद घाडी यांचे तोतरेपण समूळ गेले. त्यांचे बालमित्र हवालदार परब यांनी रोज सकाळी त्यांच्याकडून चिकाटीने सराव करून घेतला. हिमस्खलनाच्या दिवशी घाडी यांनी एकही शब्द न अडखळता, खणखणीत आवाजात अखेरचा संदेश दिला आणि तिघांचे प्राण वाचवले."

लालबागमधील आमच्या इमारतीच्या सभागृहाला यंदा घाडीचे नाव देण्यात आले. त्या प्रसंगी काढलेल्या स्मरणिकेत हा मजकूर छापला आहे. त्यातला हवालदार परब मी. तिघांचे प्राण वाचले, एवढे खरे आहे. बाकीचे खरे नाही.

स्मरणिका हाती पडली त्याच दिवशी मी सोसायटीच्या सचिवांकडे गेलो.

"काका, तुमचं कौतुकच केलंय की. तक्रार कसली?"

"मी न केलेल्या कामाचं कौतुक आहे."

"अहो, पण लोकांना किती बरं वाटलं! बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं."

"मग पाणी येईल असं दुसरं काहीतरी छापा. हे खोटं आहे."

"तुम्ही म्हणजे ना, काका..." सचिव हसले. "बरं, लिहून द्या. लावतो नोटीस बोर्डावर."

नोटीस बोर्डावर पाण्याच्या टाकीच्या सफाईची सूचना लागते. तिच्याशेजारी लागले तरी हरकत नाही. मी लिहून देत आहे.

ही इमारत उभी आहे तिथे पूर्वी आमची चाळ होती. घाडी आणि मी एकाच मजल्यावर वाढलो. दोघांचेही वडील एकाच गिरणीत, एकाच पाळीत. मला आवाज होता. गणपतीत हरवलेल्या मुलांची नावे मंडळाच्या माइकवरून मी पुकारीत असे. घाडीचे दोन अक्षरांशी वैर होते : क आणि स. स्वतःचे नावच स पासून सुरू होत असल्यामुळे ते तो कधीच सांगत नसे. विचारणाऱ्याला तो 'नंदू' म्हणे, आणि पुढे सगळी चाळ त्याला नंदू म्हणू लागली.

अडणारा शब्द आला की तो दुसरा शब्द घेई. त्याला समोसा आवडे. परळच्या नाक्यावर आम्ही शाळा सुटल्यावर उभे राहत असू, तेव्हा तो वडा मागे. वर्षानुवर्षे त्याने वडाच खाल्ला. त्याची दुसरी सवय याहून वाईट होती. त्याचे वाक्य कोणी पुरे केले, की तो 'हो' म्हणे. चुकीचे पुरे केले तरी 'हो'. एकदा मास्तरांनी त्याला गृहपाठ विचारला. तो 'क' वर अडला. "केलाच नाहीस ना?" असे मास्तरांनीच विचारले आणि घाडीने मान हलवली. त्याने छडी खाल्ली. पूर्ण केलेली वही त्याच्या दप्तरात होती. ती तिथे आहे हे मला माहीत होते. मी काही बोललो नाही, उलट हसलो.

आम्ही एकाच भरतीत घेतले गेलो आणि एकाच पलटणीत आलो. तिसऱ्या वर्षी आमची कंपनी उंचावरच्या एका पोस्टवर गेली. तिथे दोन रेडिओ ऑपरेटर हवे होते. एक पोस्टवरच्या कंट्रोल सेटवर बसणारा, दुसरा पेट्रोलबरोबर, म्हणजे गस्तीच्या तुकडीबरोबर, सेट पाठीवर घेऊन जाणारा. मान दुसऱ्याला होता. तो मलाच मिळणार याबद्दल कंपनीत कोणाला शंका नव्हती, मला तर मुळीच नव्हती.

सकाळी ०९०० वाजता मेजर साहेबांनी विचारले, "पेट्रोल सेट कौन लेगा?" मी हात वर केला. माझ्या मागच्या रांगेतून आणखी एक हात वर झाला. तो घाडीचा होता.

पहिला हसलो तो मी. मग बाकीचे.

"इधर आ," साहेब म्हणाले. "कंट्रोल को कॉल दे."

प्रत्येक कॉलचा पहिला शब्द 'कंट्रोल'. घाडीने हँडसेट घेतला, प्रेसल म्हणजे बोलण्याचे बटण दाबले आणि तो अडला. रेडिओवर एकाने प्रेसल दाबून धरला की बाकी सगळ्यांची तोंडे बंद होतात; म्हणून नेटवरचे, म्हणजे एकाच लहरीवर जोडलेल्या सगळ्या सेटांमधले, मौन हा अपराध समजला जातो. घाडीची मान ताठ झाली, ओठ पांढरे पडले. अखेर शब्द निघाला. आम्ही पुन्हा हसलो.

"फिर से," साहेब म्हणाले. असे चार वेळा झाले. मग त्यांनी विचारले, "तुझे यही काम क्यों चाहिए?"

"साब, बाहर मैं शब्द बदल देता हूँ. सेट पर बदल नहीं सकता. इसलिए."

हे वाक्य सांगायला त्याला बराच वेळ लागला. साहेब थांबले. कोणी हसले नाही. "जब अटकेगा, प्रेसल छोड़ देना. नेट को साँस लेने देना. फिर दबाना," एवढेच ते म्हणाले, आणि सेट त्याला दिला. मला बंकरमधला कंट्रोल सेट मिळाला.

त्या दिवसापासून मी त्याचा हेवा केला. आजही करतो. स्मरणिकेत ज्याला 'सराव करून घेणे' म्हटले आहे, ते काय होते ते सांगतो. रोज सकाळी ०६०० वाजता रेडिओ तपासणी असे. नियमाप्रमाणे एक कॉल पुरेसा होता. घाडी तीन देई, आणि प्रत्येक कॉल मला घ्यावा लागे. पहिला आठवडाभर तो कॉलच्या आधी बंकरच्या मागे जाऊन उलटी करून येत असे. शून्याच्या कितीतरी खाली तापमान असताना त्याच्या कपाळावर घाम मी पाहिला आहे. मी त्याला मदत केली नाही. तो अडला की मी त्याचे शब्द पुरे करून टाकी.

"क..."

"कंट्रोल, हाँ, आगे बोल."

असे करणे नेटच्या शिस्तीत बसत नाही. सुभेदार साहेबांनी मला दोनदा बजावले. वेळ वाचतो, असे मी उत्तर दिले. खरे कारण वेगळे होते. तो अडला की सारे नेट थांबे. खालच्या पोस्ट, शेजारच्या पोस्ट, सगळे श्वास रोखून त्याच्या शब्दाची वाट पाहत. माझ्या शब्दाची वाट कोणी कधी पाहिली नाही, कारण पाहावी लागत नसे. सुरळीत बोलणाऱ्याला कोणी ऐकत नाही, हे मला त्या बंकरमध्ये कळले आणि फार झोंबले.

चार महिने गेले. त्याचे अडखळणे कमी झाले का? नाही. मी दररोज ऐकत होतो. याबाबत माझ्याइतका जाणकार साक्षीदार दुसरा नाही. शब्द बदलणे तेवढे थांबले. हजेरीला तो पूर्ण नाव सांगू लागला. 'सदानंद' निघेपर्यंत रांग थंडीत पाय आपटीत उभी राही, आणि तो कोणाची क्षमा मागत नसे.

आम्ही एकदा बरोबर रजेवर आलो. परळच्या त्याच नाक्यावर, त्याच वड्याच्या गाडीसमोर घाडी उभा राहिला आणि अडला. मागून एकजण ओरडला, "ओ भाऊ, बोला ना पटकन! आमची पण भूक हाय."

गाडीवाल्याने त्याला ओळखले. "वडा ना रे, नंदू? नेहमीचा?"

घाडीने मान आडवी हलवली.

"मग? भजी? पाव नुसता?"

पुन्हा आडवी. तोंड लाल झाले. रांगेतले लोक एकमेकांकडे पाहू लागले. मला लाज वाटली आणि त्याचा शब्द मीच म्हणणार होतो, तेवढ्यात त्याने माझ्या छातीवर हात ठेवून मला मागे ढकलले.

"समोसा," तो म्हणाला. "दोन."

त्यातला एक त्याने मला दिला. मी खाल्ला नाही. भूक नाही म्हणालो. एवढ्याशा गोष्टीसाठी एखाद्या माणसाला इतका आनंद होऊ शकतो, आणि मला माझ्या आवाजासह कशाचाच होत नाही, हे मला सहन होईना.

आता तो दिवस.

सकाळी ०७३० वाजता नायब सुभेदार धरून सहा जणांचे पेट्रोल निघाले. सेट घाडीकडे. ठरलेला मार्ग नाल्याच्या अलीकडून होता. नकाशा माझ्यासमोर होता आणि कोणत्या वेळी ते कोठे असतील हे मला पाठ होते. वाटेत त्या बाजूचे बर्फ कच्चे लागले म्हणून त्यांनी नाला ओलांडला. तसे ते कळवणार होतेच. त्याआधीच, ०९४० वाजता, डोंगर खाली आला. पोस्टवर आम्हाला आवाज ऐकू आला. धुके इतके दाट होते की दहा पावलांपलीकडचे दिसत नव्हते.

०९४६ वाजता सेट बोलला.

"कंट्रोल, चार्ली टू." चार्ली टू म्हणजे पेट्रोल. 'कंट्रोल'ला वेळ लागला. "अॅव्हलांच. चार अंदर. एक बेहोश. मैं कमर तक. ग्रिड लिख. ओव्हर."

"चार्ली टू, ग्रिड भेज. ओव्हर."

ग्रिड म्हणजे नकाशावरचे ठिकाण; त्याचे सहा आकडे असतात. पाच आले, प्रत्येकाच्या मध्ये श्वास. सहाव्याला तो अडला. सेटमध्ये फक्त खरखर. सुटका तुकडी फावडी घेऊन दारात उभी होती. मेजर साहेब घड्याळाकडे पाहत होते. मला आकडा ठाऊक होता. म्हणजे, मार्ग मला पाठ होता.

"सिक्स," मी म्हणालो. "चार्ली टू, लास्ट फिगर सिक्स. कन्फर्म. ओव्हर." आणि तुकडीला ओरडून सांगितले, "आखिरी सिक्स!"

तुकडी निघाली.

त्याला फक्त 'हाँ' म्हणायचे होते. तो शब्द त्याला कधीच अडला नव्हता. जन्मभर तो तेच म्हणत आला होता. कंबरेपर्यंत बर्फात, एक पाय चिरडलेला, अशा माणसाने 'हाँ' म्हटले असते तर त्याला कोणीही दोष दिला नसता.

"निगेटिव्ह," घाडी म्हणाला.

मी पुन्हा तोंड उघडले. सुभेदार साहेबांनी माझ्या हातावर हात दाबला. "परब, चुप. उसको बोलने दे."

मेजर साहेबांनी तुकडीला पोस्टच्या काटेरी तारेपाशी थांबवले. खरखर आली. बंद झाली, त्याने प्रेसल सोडला होता. पुन्हा आली. पुन्हा बंद. बंकरमध्ये सातजण होतो आणि कोणीही हलत नव्हते. पहिल्यांदाच मीही इतरांसारखी त्याच्या शब्दाची वाट पाहिली.

"सेव्हन," तो म्हणाला. "नाले के उस पार. सेव्हन. ओव्हर."

नकाशावर त्या शेवटच्या आकड्यातला फरक शंभर मीटरचा. मैदानात शंभर मीटर म्हणजे काही नाही. तिथे मध्ये नाला होता. सहावर गेलेली तुकडी धुक्यात नाल्याच्या अलीकडचे बर्फ खणत बसली असती.

१०५५ वाजता तुकडी पोहोचली. चौघांपैकी दोघे जिवंत निघाले. बेशुद्ध पडलेला तिसरा. नायब सुभेदार आणि एक शिपाई गेलेले होते. घाडी शुद्धीवर होता. स्ट्रेचरवर पोस्टकडे आणताना १३१० वाजता तो गेला. त्यानंतर मी त्याला फक्त ब्लँकेटखाली पाहिले.

सभागृहाच्या कार्यक्रमाला घाडीची धाकटी बहीण शालूताई कॉटन ग्रीनहून आली होती. स्मरणिका तिच्या मांडीवर होती. माझा हात धरून म्हणाली, "तूच मा रे तेका बोलूक शिकयलंस? माका कधी सांगलंस नाय तां!"

"नाही ताई. मी त्याला शिकवलं नाही."

"नको लाजू. छापलेला आसा हय."

"छापलेलं चूक आहे. तो शेवटपर्यंत अडखळत होता. मी त्याला नीट अडखळूही देत नव्हतो."

तिने हात सोडला. स्मरणिका मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "म्हंजे तेव्हाय तेका तितक्याच कठीण पडला?"

"तितकंच."

"तर मगे तां लिही," ती म्हणाली. "सोपा झाला म्हणान कित्याक सांगतत?"

तिच्या सांगण्यावरून नव्हे, तर मीच ठरवून हे लिहिले आहे. पण तिचा प्रश्न योग्य होता. घाडीला सोपे झाले, असे म्हणणाऱ्यांना त्याने काय केले ते कळलेले नाही. आणि ते मी त्याला शिकवले, असे म्हणणाऱ्यांनी माझ्या नावावर असे काही लावले आहे, जे मिळवण्यासाठी मी काहीही दिले असते आणि जे मला कधी साधले नाही. त्या डोंगरावर नायब सुभेदार, एक शिपाई आणि नायक सदानंद घाडी राहिले. मी पूर्ण नोकरी करून, पेन्शन घेऊन, बाविसाव्या मजल्यावर राहतो. खाली दारावर नाव त्याचे आहे. मला त्याचा हेवा वाटतो, आणि नाव योग्य माणसाचे आहे.

तो एकही शब्द न अडखळता बोलला, असे ज्यांना अजूनही म्हणायचे असेल, त्यांच्यासाठी एकच गोष्ट नोंदवतो. आलेला प्रत्येक संदेश ऑपरेटर ऐकता ऐकता लॉग शीटवर पेन्सिलीने उतरवतो आणि तिथे काहीही पुसण्याची परवानगी नसते; चुकले तर आडवी रेघ मारून शेजारी लिहायचे. चौकशीच्या वेळी तो कागद माझ्यासमोर ठेवला गेला आणि मी त्यावर सही केली. ०९४६च्या ओळीत ग्रिडचा शेवटचा आकडा ६ लिहिलेला आहे, त्यावर आडवी रेघ आहे आणि शेजारी ७ आहे. दोन्ही आकडे माझ्या हातचे आहेत, पण घाडीने उच्चारलेला फक्त ७.