दस्त्यातली ऊब

इथले अनुभव मी वाचतो ते बहुतेक वेळा हसायलाच. माझा जुन्या मशिनरीचा धंदा आहे – विकणारा रडत आला तरी मी आधी त्याच्या मशीनची मोटर फिरवून बघतो. भुताखेतांवर विश्वास ठेवायला मला कधी फुरसतच मिळाली नाही. तरी आज लिहितोय, कारण विचारायला दुसरं कोणी नाही...

मी देवासला राहतो, इंडस्ट्रियल एरियाच्या मागे. एकटाच. बायको गेली, मुलगी बेंगळुरूला. थोरला भाऊ – दादा – धारला, आमच्या घरात. वडील, म्हणजे आबा, गेल्यावर वाटणी झाली. दादाला घर मिळालं, बाजारातला गाळाही मिळाला. मला काय? एक बंदूक! तीही कापलेली. देवास संस्थानाच्या थोरली-धाकटी अशा दोन पात्या झाल्या, तेव्हा धाकटीला निदान राजवाडा तरी मिळाला होता. तेव्हापासून मी दादाशी बोलणं टाकलं. देवासात जे उभं केलं ते माझ्या बळावर.

ही पणजोबांना धार संस्थानाकडून मिळालेली फौजी रायफल. आजोबांनी शिकारीसाठी ती हलकी करून घेतली – पुढचं लाकूड अर्ध्यावर उडवलं, खांद्याला टेकवायचा दस्ता घासून बारीक केला. नळीला मात्र धक्का नाही. आमच्या घरची एक रीत होती. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली, की नेम धरल्यासारखा दस्त्याला एकदा गाल टेकवायचा. आधी आबा, मग दादा, शेवटी मी. वाटणीनंतर ते बंदच पडलं. मी एकटाच गंध-फूल वाहायचो आणि कपाट लावून टाकायचो.

गेल्या हिवाळ्यात इंदूरच्या बंदूकवाल्याला मूळ मापाचं जुनं अक्रोडाचं लाकूड सापडलं. म्हणाला, "बाऊजी, नली को हाथ नहीं लगाएँगे, बस लकड़ी बदलनी है. फिर देखना, राइफल बोलेगी."

मला मोह झाला, खोटं कशाला सांगू? पुरी झालेली रायफल धारला नेऊन दादासमोर ठेवायची – बघ, तुटकं म्हणून माझ्या गळ्यात मारलंस ना?

मापं घ्यायची म्हणून सकाळी कपाट उघडलं. लोखंडी कपाट, किल्ली माझ्याच कमरेला. माळव्यातली थंडी तुम्हाला माहीतच आहे – नळी बर्फासारखी लागली. दस्त्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. गाल टेकवतात तेवढीच जागा उबदार होती. नुकतंच कोणी उठून गेलेल्या खुर्चीसारखी.

कपाट ओढून मागे बघितलं. वायर नाही, पलीकडे स्वयंपाकघर नाही, ऊन तर त्या खोलीत येतच नाही. कपाट दुसऱ्या खोलीत हलवलं – तिथेही तेच! रोज नाही, पण बहुतेक सकाळी. मग मी चहाचा कप घेऊन कपाटासमोरच बसायला लागलो. एके दिवशी गाल टेकवला... त्यानंतर रोजच टेकवायचो. कोणाला सांगणार?

तिकडे बंदूकवाल्याचे फोन सुरू. लाकूड बदललं आणि ऊब गेली तर? आयुष्यात पहिल्यांदा मला सौदा ठरवता येईना. शेवटी रायफल झाकून गाडीत ठेवली, लायसन खिशात घातलं आणि धार गाठलं.

दादाने दार उघडलं. "रस्ता चुकलास, बापू?"

"चुकलो असतो तर पुढे नालछ्याच्या रस्त्याला लागलो असतो, तुझ्या दारात नाही."

तो थकला होता. ओट्यावर एकच ताट पालथं घातलेलं. मी काही न सांगता रायफल पलंगावर ठेवली. त्याने दस्त्यावर हात ठेवला.

"उन्हात ठेवली होतीस का?"

"झाकून आणलीय. ऊन लागलंच नाही."

त्याने हात उचलला नाही. मग मी सगळं सांगितलं – ऊब, बंदूकवाला, नवं लाकूड.

"बदल," तो म्हणाला. "बंदूक पुरी कर. हे लाकूड मला दे. लाकडाला लायसन लागत नाही."

माझं डोकंच फिरलं. "घर तुला, गाळा तुला, आता हेपण तुलाच? आबा काय एकट्या तुझेच होते?"

"बरं. नको देऊस," एवढंच म्हणाला. पण हात तिथेच.

भाव करणाऱ्या भल्याभल्यांना मी हरवलंय. हा भाव करतच नव्हता... मी चहा न घेता निघालो, आणि वाटेत इंदूरला रायफल बंदूकवाल्याकडे टाकली.

रायफल देखणी झाली, शंकाच नाही. नवा दस्ता गार. जुनं लाकूड मी स्वतः धारला पोचवलं.

दुसऱ्याच दिवशी दादाचा फोन. इतक्या वर्षांत पहिला.

"गार आहे रे."

"सकाळी हात लावून बघ."

"सकाळच आहे ही. बंदूकवाल्याकडचं दुसरंच लाकूड नाही ना टेकवलंस मला?"

"तुला फसवायचंच असतं तर घर लिहून घेतलं असतं!"

तो हसला. पुढच्या दिवशी पुन्हा फोन – आजपण गार. मी म्हटलं, परत घेऊन जातो. म्हणाला, नको, राहू दे.

ती ऊब कुठून आली, आम्हा दोघांच्या हाताला कशी लागली आणि कुठे गेली, मला सांगता येत नाही. लाकडातलं कळणाऱ्या दोघा-तिघांना विचारलं, त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा विचारलं नाही. तुमच्यापैकी कोणी हसलात तरी चालेल, मीही हसायचो.

दादाचा फोन मात्र रोज येतो, चहाच्या वेळेला. परवा आला नाही. चहा तसाच ठेवून मीच लावला. बराच वेळ वाजत राहिला.

"दादा? काय रे, कसं आहे आज?"

"आंघोळीला गेलो होतो," तो म्हणाला. "थांब, हात लावून सांगतो."