मालन गुरवचं बारावं घर

मालन गुरवने सव्वीस वर्षांच्या संसारात अकरा घरं बदलली, आणि त्यातलं एकही तिचं नव्हतं. भांडुप, विक्रोळी, कांजूर, पुन्हा भांडुप, आता नाहूर. अकरा महिन्यांचा करार संपत आला की घरमालकाचा मुलगा अमेरिकेहून परत यायला निघायचा. एका मालकाला तर मूलच नव्हतं, तरी त्याचाही मुलगा आला.

मालन महापालिकेच्या शाळेत शिपाई. उंची चार फूट नऊ इंच, पण तिने नुसतं "ए!" म्हटलं की तिसऱ्या मजल्यावरची पोरं रांगेत उभी राहायची. नवरा लवू मांडव आणि लायटिंगच्या धंद्यात. कमाई बरी, पण पगाराची स्लिप नाही. बँकेतल्या साहेबाने स्लिप मागितली तेव्हा लवूने खिशातून स्वतःचं कार्ड काढून दिलं, आणि वर साहेबाच्या मुलीच्या लग्नात डिस्काउंटही कबूल केला. साहेबाने कार्ड ठेवून घेतलं आणि कर्ज एकट्या मालनच्या नावावर मंजूर केलं. अठ्ठावीस लाख.

"मावशी, हे मंजुरीपत्र तीस नोव्हेंबरपर्यंतच चालेल," तो म्हणाला. "त्याच्या आत घर पक्कं करा. नंतर नवा अर्ज, आणि रिटायर व्हायला जितकी वर्षं कमी, तितकं कर्ज कमी."

मालनची नऊ वर्षं उरली होती. यंदा जमलं नाही तर मरेपर्यंत भाड्याचं घर, हे तिला साहेबापेक्षा चांगलं कळत होतं.

बारा लाख पीएफ आणि भिशीचे मिळून होत होते. उरलेले आठ गावच्या काजूच्या बागेतून यायचे होते. बाग लवूच्या नावावर, पण सांभाळायचा त्याचा चुलतभाऊ काशीराम. सांभाळायचा म्हणजे चौदा वर्षं सगळं उत्पन्न स्वतः खायचा आणि दर मे महिन्यात एक किलो काजू मुंबईला पाठवायचा, वर चांगले, खाली खवट. काजूच्या कारखानदाराने आठ लाखांची बोली केली होती, मालन फक्त घर मिळायची वाट बघत होती.

घर दाखवायला विशाल नावाचा एजंट होता. त्याच्याकडचं प्रत्येक घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर. मालाडचं घर मालनने स्वतः चालून बघितलं, तर बावीस मिनिटं लागली.

"मावशी, तुमचं पाऊल छोटं आहे ना," विशाल म्हणाला.

तरीही तिला ते घर चाललं असतं. पण गुरवांच्या घरात देवाला विचारल्याशिवाय कुणी म्हैससुद्धा घेत नाही, मग हे तर घर. देवळाची पूजा त्यांच्याच घराण्याकडे, आणि लवू मुंबईला आल्यापासून त्याच्या वाट्याची पाळीही काशीरामकडेच. देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडचं पडलं तर देवाचा होकार, डावीकडचं पडलं तर नकार. आता व्हिडिओ कॉलची सोय झाल्यामुळे देव थेट नाहूरमध्ये बोलायचा.

काशीरामने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां कर्ज काढून आणि बाग इकून मालाडात घर घेतत, काय ता सांग." डावं फूल पडलं. मानखुर्दच्या घराला डावं. मुलुंडच्या घराला तर फूल असं झटकन पडलं की लवू म्हणाला, "देव आज घाईत दिसतोय."

अठरा नोव्हेंबरला नाहूरचीच एक खोली-किचन निघाली. दुसरा मजला, अठ्ठेचाळीस लाख. मालन आत गेली आणि स्वयंपाकाच्या ओट्यापाशी थांबली. ओटा तिच्या उंचीचा होता. अकरा घरांत तिने पाटावर उभं राहून भाकऱ्या थापल्या होत्या. ती ओट्यावर दोन्ही तळवे टेकून नुसती उभी राहिली.

संध्याकाळी काशीरामने कौल लावला. डावा.

"जागा देवाक मानवत नाय, वैनी," तो म्हणाला. "पुढच्या वर्सा बघूया."

मालन घळाघळा रडली. ती सहसा रडत नसे, म्हणून लवूला काय करावं सुचेना. त्याने पंखा लावला.

"आई यार," मुलगी जान्हवी वैतागून म्हणाली, "चारही वेळा डावाच कसा? नाणं उडवलं असतं तरी एकदा उजवा आला असता!"

मालनचं रडणं थांबलं. पंचवीस वर्षं तिने पोरांच्या प्रगतिपुस्तकांवरच्या खोट्या सह्या पकडल्या होत्या. खोटी सही आणणारं पोर कधी सहीकडे बघत नाही, आपल्या तोंडाकडे बघतं. चारही वेळा काशीराम फुलाकडे बघत नव्हता. तो फोनकडे बघत होता.

तिने तोंड धुतलं आणि पुन्हा कॉल लावला.

"भाऊजी, परत एकदा विचारा. बाग काय आमी इकत नाय. माझो भाऊ पैसे दिता. आता घर घेव काय?"

देवाशी खोटं बोलताना तिने मनातल्या मनात त्याची माफी मागितली. काशीरामचा चेहरा मात्र खुलला. गाऱ्हाणं निम्म्यावर होतं तेवढ्यात उजवं फूल पडलं.

"देव खूश झालो, वैनी! झकास जागा असा!"

"व्हय तर," मालन म्हणाली, आणि फोन ठेवून विशालला टोकनचे पैसे पाठवले. लवूला रात्रीच्या बसमध्ये बसवलं. जायच्या आधी बजावलं, "आधी कारखान्यात, मग रजिस्ट्रारकडे. देवळात जायचं ते शेवटी. आणि काशीरामकडे चहासुद्धा नको."

लवूने आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेलं सगळं सांगितलेल्या क्रमाने केलं.

सव्वीस तारखेला मालन घराच्या करारासाठी नोंदणी कार्यालयात बसली होती. तिचा नंबर पुकारला आणि त्याच वेळी फोन वाजला. काशीराम होता, आणि तो इतका ओरडत होता की शेजारचा वकीलही ऐकू लागला.

"बाग इकलास? देवासमोर नाय म्हणालस! वैनी, देवाक फसवलस?"

हा प्रश्न मालनने स्वतःला आठ दिवस रोज विचारला होता. रोज दिवा लावताना विचारला होता.

"देवाचा काय ता मी बघीन, भाऊजी," ती म्हणाली. "गेली चौदा वर्सां देवान माझ्या काजूंक हात लावल्यान नाय."

मग फोन बंद करून तिने मशीनवर अंगठा ठेवला.