साखर घातलेली कॉफी

रक्त कधी खोटे बोलत नाही, असे आमच्या राजवाड्याजवळच्या लॅबमधली बाई रोज सांगते. माणसे बोलतात, हे तिच्या भुवया सांगतात. तंजावूरच्या आम्हा मराठ्यांत पूर्वजांचा अभिमान पुष्कळांना आहे. मला हिचा आहे.

परवा मी रांगेत होतो. माझ्यापुढे रक्तातली चरबी तपासायला आलेले निवृत्त मुख्याध्यापक होते, ज्यांच्या शब्दावर अर्धी गल्ली या लॅबमध्ये येते.

"उपाशी आहात ना, अण्णा?"

"पूर्ण उपाशी. फक्त कॉफी घेतली."

"साखर?"

"साखरेवाचून कॉफी कोण पितो, अम्मा? एकादशीलासुद्धा चालते."

तिने सुई ठेवून दिली. "उद्या या."

आतून मालक ओरडले, "ते उद्या आले नाहीत तर परवापासून तूही येऊ नकोस!"

ती जागची हलली नाही.

"घरात तूप बंद आहे," अण्णा गुरगुरले. "चरबी येणार कुठून?"

"यकृत बनवते, अण्णा. भात-साखर पोटात गेली की इन्सुलिन वाढते आणि यकृतातले एक प्रथिन चरबी बनवायचा हुकूम सोडते. हे रोजचे झाले की यकृत बिघडते. मग साखर आवरायचा हुकूम ते ऐकत नाही, चरबी बनवायचा तेवढा ऐकते. त्यातून मधुमेह बळावतो."

"अगदी माझ्या मुलासारखे," अण्णा म्हणाले आणि निमूट घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते खरोखर उपाशी आले. तिची नोकरी राहिली. चरबी कॉफीवाचूनही वाढलेलीच निघाली.