मुरमाच्या मैदानावरचे मोईन सर

फोन कमलचा होता. ती कधी सकाळी फोन करत नाही. "सुनंदे, आपले सर गेले गं..." एवढंच बोलली. मग एकदम म्हणाली, "ती फायनल आठवते का?" आणि रडता रडता आम्ही दोघी, साठी ओलांडलेल्या बायका, त्या सामन्यातली एकेक बास्केट एकमेकींना सांगू लागलो... सरांना जाऊन महिना होत आला. पण ते आठवले की दुःखाच्या आधी अंगात हुरूपच येतो, त्याला मी काय करू?

मोईन सर हैदराबादला बास्केटबॉल खेळून परभणीत आमच्या कॉलेजात खेळाचे शिक्षक म्हणून आले. कॉलेजच्या मागं मुरमाचं मैदान होतं. तिथं त्यांनी लाकडी फळ्या स्वतः रंगवून खांबांवर चढवल्या आणि मुलींचा संघ काढणार म्हणून जाहीर केलं. सगळे हसले. मी पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमधली, गँगमनची मुलगी, रोज पॅसेंजरनं येणारी. पहिला तास चुकू नये म्हणून स्टेशनपासून पळत सुटायचे. एके दिवशी सरांनी मला फाटकातच अडवलं. "बेटी, असंच पळायचं. फक्त हातात बॉल घेऊन!" कमल पेडगावच्या पाटलाची मुलगी, उंच नि दणकट. सरांनी आमची जोडी लावली. "पास देताना बघायचं नाही. ती तिथं असणारच, असं समजायचं." आम्हाला कुठलं जमतंय! बॉल थेट माझ्या नाकावर. सर खदाखदा हसायचे, "नाक सांभाळ, सुनंदा! बॉल कॉलेजचा हाय, नाक तुझं हाय!" आणि बास्केट चुकली की ओरडायचे, "पहले पाय, बाद में हात!", म्हणजे आधी गुडघे वाकवायचे, मग बॉल सोडायचा.

पुढं विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला. आमच्या लोकांची घरं जाळल्याच्या बातम्या रोज कानावर यायच्या, एसट्या बंद पडायच्या. आम्ही बौद्ध. आईनं माझं कॉलेज थांबवलं. तिकडं कमललाही वडिलांनी, आप्पांनी, घरी बसवलं. आणि कॉलेजांच्या स्पर्धेची फायनल तोंडावर आलेली... आमच्याच मैदानावर, औरंगाबादच्या कधी न हरणाऱ्या संघाशी! सर आधी पूर्णेला आले. आई दारातच म्हणाली, "सर, दिवस कसले हायेत बघायलाव न्हवं? पोरीला काही झालं म्हंजे?" सर म्हणाले, "मी घेऊन जातो, मीच आणून सोडतो. माझीबी बेटीच हाय ती." आई दारातून बाजूला झाली. मग आत जाऊन तिनं चहा टाकला.

पेडगावचं काम अवघड होतं. ते कमलनं मला नंतर सांगितलं. आप्पा म्हणाले, "गावात लोक नावं ठेवायलेत. त्या पोरींसंगं आमची पोरगी न्हाई खेळायची." सर चिडले नाहीत. "हा एकच सामना खेळू द्या. आणि तो बघायला तुमी स्वतः या. त्यानंतर तुमचा शब्द शेवटचा."

काय तो सामना! भिंतीवर पोरं, लिंबाच्या झाडावर पोरं, मैदानाच्या कडेला पाय ठेवायला जागा नाही. मध्यंतरापर्यंत आम्ही लय मागं होतो. सर रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "आता हसत हसत पळा." आणि आम्ही पळालो! एकेक बास्केट जात होती, लोक बेभान ओरडत होते. शेवटच्या क्षणी एका गुणानं मागं, बॉल कमलकडं, आणि तिला दोघींनी घेरलेलं. तिनं वळूनही पाहिलं नाही. बॉल सरळ मागं सोडला. मी तिथंच होते! तेवढ्यात कडेनं एक घोगरा आवाज आला, "टाक, सुनंदे, टाक!" मी टाकला. बॉल कड्यावर फिरला, फिरला... आणि आत पडला! शिट्टी झाली. मागं पाहिलं तर आप्पा, पटका हातात, रेषेच्या आत येऊन उभे. सर त्यांच्याजवळ गेले. "बोला आप्पा, तुमचा शब्द?" आप्पांनी पटका झटकला, डोक्याला गुंडाळला आणि विचारलं, "फुडली म्याच कवा हाय?"

त्यानंतर सर थांबलेच नाहीत. विद्यापीठाच्या संघात दरसाल त्यांच्या मुली असायच्या. कुणी पोलिसात गेली, कुणी रेल्वेत. मी शाळेत खेळ शिकवू लागले. विद्यापीठाचा नामविस्तार होऊन तो वाद मिटला त्या वर्षी मी त्यांना भेटायला गेले, तर पूर्णा, चुडावा, पेडगावच्या मुली मैदानात बसून एकमेकींच्या डब्यात हात घालत होत्या आणि सर त्यांच्यावर ओरडत होते, "पोटभर खाऊ नका, पळायचंय!"

सरांचा एक नियम होता. जिंकल्यावरही प्रत्येकीनं रेषेवर उभं राहून एक फ्री थ्रो टाकायचा, आणि तो पडल्याशिवाय घरी जायचं नाही. निवृत्तीनंतरही ते रोज मैदानावर जाऊन नव्या मुलींकडून तेच करून घ्यायचे. परवा शोकसभेनंतर आम्ही जुन्या मुली आपोआप मैदानाकडं वळलो. चपला काढल्या. माझा बॉल पडला. कमलचा मात्र पुन्हा पुन्हा कड्याच्या खालीच राहत होता. कडेला सराव थांबवून उभ्या राहिलेल्या नव्या मुलींना राहवलं नाही. त्या सगळ्या एका सुरात, अगदी सरांच्या हेलात ओरडल्या, "पहले पाय, बाद में हात!" कमल दचकली. मग मोठ्यानं हसली, पदर खोचला, दुखरे गुडघे वाकवले... आणि बॉल जाळीतून सरळ खाली आला.